राब तोडताना पाठ सांभाळा : कण्याची दुखापत आणि त्यानंतरचे जीवन

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत नागली, वरई व भात ही खरिपाची प्रमुख पिके आहेत. त्यांची रोपे तयार करण्यासाठी बरेच शेतकरी ऐन, किंजळ यांसारख्या झाडांवर चढून फांद्या तोडतात आणि उन्हाळ्यात त्या रोपांच्या जागेवर पसरून राब भाजतात. राबामुळे जंगलाचे व जमिनीचे काय होते, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. राब तोडणाऱ्या माणसाचा विचार मात्र कमी होतो. एका हातात कोयता, पायाखाली बारीक फांदी व खाली खडक, अशा स्थितीत पाय घसरला तर पाठीचा कणा मोडू शकतो. आंबे उतरवताना, माळ्यावरून किंवा कठडा नसलेल्या विहिरीत पडूनही असेच होते.

दुखापतीचे स्वरूप

कण्याच्या मणक्यांमधून मज्जारज्जू जातो. मेंदूचे हुकूम हातापायांपर्यंत व अंगाची जाणीव मेंदूपर्यंत तो पोहोचवतो. मणका मोडून मज्जारज्जू दबला किंवा तुटला, तर त्या जागेखालील हालचाल, स्पर्श आणि लघवी-शौचावरील ताबा जातो. इजा पाठीत असल्यास पाय व मानेत असल्यास हातपाय दोन्ही लुळे पडतात. हाड जुळून येते, पण पूर्ण तुटलेला मज्जारज्जू पुन्हा जोडणारे औषध आजही उपलब्ध नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटीहून अधिक लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. पडणे व रस्त्यावरील अपघात ही त्याची मोठी कारणे आहेत. स्त्रियांपेक्षा पुरुषांत, विशेषतः ऐन कमावत्या वयातील तरुणांत, ही इजा जास्त आढळते. म्हणजे एका पडण्याने साऱ्या कुटुंबाची शेती अडते.

पडणे कसे टाळावे?

१) झाडावर चढण्याची गरजच कमी करावी. गादीवाफ्यावर कुजलेले शेणखत घालून व वेळेवर तण काढून राबाशिवाय चांगली रोपे होतात. भाताच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेत तुसाची काळी राख मिसळतात. बांधावर गिरिपुष्प लावल्यास हिरवळीचा पाला जमिनीवर उभे राहून तोडता येतो.

२) चढावेच लागले, तर एकट्याने जाऊ नये. कमरेचा दोर वरच्या भक्कम फांदीला बांधावा. कोयता हातात धरून न चढता मागाहून दोरीने वर घ्यावा.

३) ओल्या किंवा वाळक्या फांदीवर पाय देऊ नये. अंधारात व नशेत झाडावर चढू नये. शक्य तेथे खालूनच आकडीने फांदी ओढावी.

पडल्यानंतरचा पहिला तास

पडलेल्या माणसाला लगेच उठवून बसवणे, पाणी पाजणे व पाठ चोळणे हा आपला नेहमीचा प्रघात आहे. तो घातक ठरतो. मान किंवा पाठ दुखत असेल, पायाला मुंग्या येत असतील, पाय हलत नसतील किंवा माणूस बेशुद्ध असेल, तर कणा मोडला आहे असे धरूनच चालावे.

१) त्याला आहे तसे पडू द्यावे. एकाने डोके व मान दोन्ही हातांनी स्थिर धरावी. दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

२) पाड्यापर्यंत गाडी येत नसेल तर कापडाच्या डोलीतून नेऊ नये. डोलीत अंग दुमडते व अर्धवट इजा पूर्ण होऊ शकते. सैल विणीची बाजही नको. घराचे दार किंवा फळ्या बांधलेली शिडी वापरावी.

३) चार-पाच जणांनी एकाच वेळी, ओंडका वळवावा तसे डोके, पाठ व पाय एका रेषेत ठेवून त्याला फळीवर घ्यावे. मानेच्या दोन्ही बाजूंना कपड्यांच्या गुंडाळ्या ठेवून अंग फळीला बांधावे. उलटी झाल्यास सारे अंग एकत्रच कुशीवर वळवावे.

४) सरळ रुग्णालय गाठावे. हाड बसवणाऱ्याकडे किंवा मालिशवाल्याकडे वेळ घालवू नये.

घरी आल्यावर

अशा रुग्णाचे प्राण पुष्कळदा मूळ इजेपेक्षा जखमा व मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने जातात. दोन्ही टाळता येतात.

स्पर्श कळत नसल्याने एका कुशीवर पडून राहिल्यास कातडी मरते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी. बसलेला असेल तर थोड्या थोड्या वेळाने हातांवर भार देऊन अंग उचलावे. माकडहाड व टाचा रोज पाहाव्यात. थंडीत शेकोटीजवळ पाय ठेवू नयेत. भाजलेले कळत नाही.

लघवीसाठी स्वच्छ नळी ठरावीक तासांनी कशी घालावी, हे परिचारिकेकडून शिकून घ्यावे. शौचाची वेळ रोज एकच ठेवावी. ताप येणे, लघवी गढूळ होणे किंवा कातडी लाल पडणे, यांपैकी काही दिसताच डॉक्टरांना दाखवावे. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तेथे व्यायाम, चाकाची खुर्ची व रोजच्या कामांचे शिक्षण मिळते.

बसून करता येणारी शेती

पाय गेले म्हणजे माणूस निरुपयोगी झाला, असे नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांच्या कण्यात १९६५ च्या युद्धात गोळी शिरली. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या भागातही बसून होणारी कामे पुष्कळ आहेत. आंबा-काजूची कलमे बांधणे, पिशव्या भरणे, बियाणे निवडणे, मोगऱ्याच्या कळ्या मोजून बांधणे, बांबूकाम, वारली चित्रे आणि बचत गटाचे हिशेब ही त्यांपैकी काही होत. रोपांचे वाफे कमरेइतक्या उंचीच्या मांडवावर केले, तर खुर्चीवरून काम होते. उंबऱ्याशी मातीचा उतार व शौचालयाचे रुंद दार एवढी सोय घरच्यांनी आधी करावी.

शासकीय मदत

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडण्याचा समावेश आहे. दोन अवयव कायमचे निकामी झाल्यास २ लाख रुपये मिळतात. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. रुग्णालयाची सर्व कागदपत्रे जपून ठेवावीत. दिव्यांग प्रमाणपत्र व ओळखपत्रही काढून घ्यावे. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करावी.

यंदा राब तोडायला निघण्यापूर्वी प्रत्येक पाड्याने दोन गोष्टी कराव्यात. एक मजबूत दोर सोबत घ्यावा आणि माणूस मावेल अशी एक फळी गावात तयार ठेवावी.