हिंजवडीच्या घरांसाठी परसबागेची आखणी

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे पूर्वी शेतीवर जगणारे गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारल्यापासून अनेक शेतांच्या जागी इमारती व बंगले आले. घरामागे उरलेल्या थोडक्या जागेत भाजी पिकावी, मुलांना खेळता यावे व वृद्धांना सावलीत बसता यावे, असे वाटत असल्यास रोपे आणण्यापूर्वी आखणी करणे अगत्याचे आहे.

जमीन : बांधकामानंतर परसात मुरूम, खडी व सिमेंटचा राडारोडा उरतो. वाफ्यांच्या जागी सुमारे ४५ सेंटिमीटर खणून तो काढावा आणि दोन भाग चांगल्या मातीत एक भाग कुजलेले शेणखत मिसळून भरावे. पावसाचे पाणी घराच्या पायाकडे न येता बाहेर जाईल, असा उतार द्यावा.

मांडणी : मुलांचे अंगण स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असे ठेवावे. त्यालगत कढीपत्ता, मिरची व कोथिंबीर लावावी. वाफे १ मीटरपेक्षा रुंद नसावेत. म्हणजे आत पाय न देता दोन्ही बाजूंनी खुरपणी करता येते. वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने शेवगा उत्तरेस लावावा; त्याची सावली वाफ्यांवर पडत नाही. मात्र त्याच्या फांद्या ठिसूळ असतात. म्हणून तो खेळण्याच्या जागेपासून दूर असावा व त्याची वेळोवेळी छाटणी करावी. मोरीचे सांडपाणी केळी व कर्दळीस द्यावे.

हंगाम : पावसाळ्यात भेंडी, गवार व दोडका, हिवाळ्यात मेथी, पालक व मुळा, उन्हाळ्यात चवळी व काकडी घ्यावी.

दक्षता : शोभेसाठी वा कुंपणासाठी लावली जाणारी पिवळी कण्हेर व मोगली एरंड विषारी आहेत. त्यांच्या बिया मुले खेळता खेळता तोंडात घालतात. लहान मुले असलेल्या घरी ही झाडे लावू नयेत. आपोआप उगवलेला धोत्राही उपटून टाकावा. अशी बी मुलाने खाल्ल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता, झाडाची फांदी सोबत घेऊन त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. पाण्याचे टाके घट्ट झाकलेले असावे. त्यायोगे मुले सुरक्षित राहतात व डासही वाढत नाहीत. कुंड्यांखालील ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात.

प्रारंभ दोन वाफ्यांनीच करावा. एक वाफा मुलांकडे सोपविल्यास भाजीबरोबर शेतीची ओळखही घरात रुजेल.