अतिवेगी संगणकासाठी मदरबोर्डची निवड

बंगळुरूच्या जुन्या बाजारपेठेतील एस. पी. रोड हा विजेची उपकरणे आणि संगणकाचे सुटे भाग यांच्या विक्रीसाठी प्रसिद्ध आहे. असे भाग घेऊन स्वतःचा संगणक जुळविणाऱ्या हौशी माणसाला प्रोसेसर निवडणे फारसे अवघड जात नाही. ज्या फलकावर तो बसवायचा, त्या मदरबोर्डापाशी मात्र तो अडखळतो. एकाच प्रोसेसरला चालणाऱ्या दोन मदरबोर्डांच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर असू शकते. हे अंतर कशासाठी मोजायचे, हे ओव्हरक्लॉकिंग करू पाहणाऱ्याने, म्हणजे प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवू पाहणाऱ्याने, आधी समजून घेतले पाहिजे.

या प्रकाराचे एक गाजलेले उदाहरण १९९८ सालचे आहे. इंटेलच्या सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरचा वेग ३०० मेगाहर्ट्‌झ होता. फलकावरील घड्याळाच्या ६६ मेगाहर्ट्‌झ स्पंदनांची ती साडेचार पट होय. एबिट कंपनीच्या बीएच-६ सारख्या मदरबोर्डावर हे घड्याळ १०० मेगाहर्ट्‌झवर नेले, की तोच स्वस्त प्रोसेसर बहुधा ४५० मेगाहर्ट्‌झने चाले. आज असा सुकाळ राहिलेला नाही. उत्पादक स्वतःच प्रोसेसर त्याच्या मर्यादेच्या जवळ नेऊन विकतात. उरलेला अल्प अवकाश मिळवायचा, तर विजेच्या रूपाने त्याची जबर किंमत द्यावी लागते.

विजेचा हिशेब

प्रोसेसर खात असलेली वीज ही वेगाच्या आणि विद्युत्-दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढविला आणि त्यासाठी दाबही १० टक्क्यांनी वाढवावा लागला, तर विजेचा खप सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. समजा, प्रोसेसरला १.२५ व्होल्ट दाबाने २५० वॉट वीज हवी आहे. म्हणजे त्यातून २०० अँपिअर प्रवाह वाहणार. घरातील गीझरचे बटण सामान्यतः १६ अँपिअरचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

वीजपुरवठा करणारा डबा फलकाला १२ व्होल्ट देतो. त्याचे सव्वा व्होल्टात रूपांतर करणारी यंत्रणा प्रोसेसरच्या भोवती मांडलेली असते. तिच्यातील समांतर मार्गांना फेज म्हणतात. १६ फेज असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला १२.५ अँपिअर येतात. ८ असतील, तर २५. प्रवाह निम्मा झाला, की रोधामुळे त्या मार्गात निर्माण होणारी उष्णता चौथाई होते. म्हणून मार्ग दुप्पट असूनही ही एकूण उष्णता निम्मीच राहते. उत्तम मदरबोर्डाचे खरे मूल्य येथे आहे. तथापि फेजची नुसती संख्या मोजून भागत नाही. प्रत्येक फेज किती अँपिअर पेलू शकतो, हेही पाहावे लागते.

हवा आणि उष्णता

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा जवळजवळ एक दशांशाने विरळ असते. पंख्याने ढकललेल्या हवेचे आकारमान तेवढेच राहिले, तरी तिचे वस्तुमान कमी असल्यामुळे ती उष्णता कमी वाहून नेते. शहराच्या सौम्य हवामानामुळे ही उणीव काही अंशी भरून निघते. प्रोसेसर पाण्याने थंड करण्याची योजना केली, तर आणखी एक गोष्ट घडते: प्रोसेसरवरच्या पंख्याची जी हवा आसपासच्या फेजवरूनही वाहत असे, ती बंद होते. अशा वेळी फेजवरील धातूचे ठोकळे भरीव आणि खाचांचे असावेत. केवळ शोभेचे आवरण उपयोगी पडत नाही.

परवानगी आणि देखभाल

सर्वच फलक ओव्हरक्लॉकिंग करू देत नाहीत. इंटेलच्या बाबतीत नावाअखेर ‘के’ अक्षर असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेतील चिपसेट अशी जोडी लागते. एएमडीचे बहुतेक रायझेन प्रोसेसर खुले असतात. परंतु ए मालिकेतील चिपसेट प्रोसेसरचा वेग वाढवू देत नाहीत.

फलकावरील बायोस हा प्रोग्रॅमही तितकाच महत्त्वाचा आहे. २०२४ साली इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील अनेक डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर झाले. अतिरिक्त दाबामुळे त्यांची झीज होत असल्याचे इंटेलने सांगितले आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. त्यावरील सुधारणा ग्राहकांपर्यंत पोचली ती मदरबोर्ड-उत्पादकांच्या नव्या बायोसमधून. म्हणून जो उत्पादक बायोस वेळोवेळी सुधारून देतो, त्याचाच फलक घेणे शहाणपणाचे. बायोस बिघडल्यास तो प्रोसेसरविना पुन्हा भरण्याची सोय आणि दोष दर्शविणारा अंकफलक यांसाठी चार पैसे अधिक देणे योग्यच होय.

अस्थिर संगणक नेहमीच बंद पडतो असे नाही. कित्येकदा तो चालू राहून चुकीचे गणित करतो, आणि साठविलेली कागदपत्रे नकळत बिघडतात. त्यामुळे वेग वाढविल्यानंतर प्रोसेसर व स्मृती यांची कित्येक तास भाराखाली चाचणी घ्यावी. खरेदी करताना क्रमही हाच असावा: आधी वीज, मग उष्णता, मग बायोस, आणि रंगीत दिवे सर्वांत शेवटी.