बोरन्हाण आणि बोरीचे वेळापत्रक

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत एखाद्या लहानग्याचे बोरन्हाण तुम्ही पाहिले असेल. अंगात काळे झबले, गळ्यात हलव्याचे दागिने, पाटावर बसलेले बाळ आणि त्याच्या डोक्यावरून ओतलेली बोरे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे! ती वेचायला तुम्हीही धावला असाल. पण नेमक्या याच दिवसांत बोरे पिकलेली कशी असतात? उत्तर शोधायला आपण बारामती-इंदापूरकडच्या कऱ्हाटीत, एखाद्या जिरायती शेताच्या बांधावर जाऊ.

पाण्याची काटकसर

हा मुलूख पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस सुमारे ५०० ते ५५० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. अशा जमिनीत बोर कोणी पाणी न घालता वाढते. तिचे सोटमूळ खोल जाऊन तळची ओल शोधते. तिचे एक पान उलटून पाहा. खालची बाजू पांढुरक्या लवेने मढलेली दिसेल. पर्णरंध्रांजवळची दमट हवा ही लव धरून ठेवते, त्यामुळे बाष्पोच्छ्वास कमी होतो. पानाच्या देठाशी असणारे काटे म्हणजे रूप बदललेली उपपर्णे होत. त्यांतला एक बहुधा सरळ, तर दुसरा आकड्यासारखा वाकडा असतो.

बोरीचे खरे शहाणपण मात्र तिच्या वेळापत्रकात आहे. कडक उन्हाळ्यात ती पाने गाळून जणू झोपी जाते. पावसाबरोबर नवी पालवी फुटते. पावसाळा सरता सरता बारीक, हिरवट-पिवळी फुले येतात. त्यांतील मधासाठी माश्या, मधमाश्या, गांधीलमाश्या येतात आणि परागीभवन होते. पुढे जमिनीत उरलेल्या ओलीवर हिवाळाभर फळ पोसते. पुन्हा ऊन तापण्यापूर्वी झाडाचे काम उरकलेले असते.

सूर्याचा सण

दिवाळी, होळी हे सण चांद्रतिथींवर चालतात, म्हणून इंग्रजी तारखांत ते मागेपुढे सरकतात. संक्रांत मात्र सूर्याच्या गतीवर ठरते, त्यामुळे ती दरवर्षी १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. ऋतूही सूर्यामुळेच होतात. झाडाला तिथी कळत नाही. त्याला पाऊस, ऊन आणि थंडी कळते. म्हणून संक्रांतीच्या सुगडात बोरे, ओंब्या, घाटे आणि ऊस दरवर्षी हजर! सुगड म्हणजे त्या महिन्यातल्या शेताचा नमुनाच म्हणा ना.

आंबट बोरीचे मोल

बोर हे आंब्याप्रमाणे अश्मगर्भी फळ आहे. वर पातळ साल, आत गर, मध्ये टणक आठळी. गरात क जीवनसत्त्व भरपूर असते. बाजारातल्या उमराण किंवा कडाका जातीच्या गोड बोराची आठळी पेरली, तर तसेच गोड बोर येईल याची खात्री नसते; कारण पराग दुसऱ्या झाडाचा असू शकतो. म्हणून गावठी बोरीच्या रोपावर गोड जातीचा डोळा भरतात. फळ गोड जातीचे, पण दुष्काळाशी झुंजणारे मूळ गावठी! १९९० मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. कोरडवाहू जमिनीवर बोरासारखी फळझाडे लावण्यास तिने उत्तेजन दिले.

१८८५ पासून नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात खेळले आणि ऊस पिकला. हे चांगलेच झाले. पण बांध साफ करताना पहिली कुऱ्हाड काटेरी गावठी बोरीवर पडते. ती गेली, तर दुष्काळात तगणारे वाणही तिच्याबरोबर जाईल. उद्या कलमासाठी मूळ कोठून आणायचे?

करून पाहा

यंदा बोरन्हाणातल्या आठळ्या फेकू नका. दहा आठळ्या तशाच पेरा. दुसऱ्या दहा जपून फोडा, आत किती कप्पे आहेत ते पाहा आणि निघालेले बी शेजारच्या वाफ्यात पेरा. कोणते आधी उगवते? दिवस मोजून वहीत लिहा. बी असे उशिरा उगवण्यात कोरड्या मुलखातल्या झाडाचा काय फायदा असेल, याचा विचार करा. आणि उगवलेल्यांतले एक रोप पावसाळ्यात शाळेच्या कुंपणाशी लावा.