परसबागेचा नकाशा

(परसबाग लावायला हौस पुरते, पण ती वर्षभर भाजी द्यायला हवी असेल तर थोडे गणित करावे लागते. आपल्या परसबागेचे गणित आधी कसे चुकले आणि मग कसे सुधारले, हे लेखकाने या पाठात सांगितले आहे.)

पनवेलला आमच्या घरामागे लहानसे परस आहे. लांबी १५ फूट, रुंदी १२ फूट. पूर्वी तिथे तुटक्या बादल्या, कौले आणि लाकडे पडलेली असत. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी ती सारी अडगळ काढली आणि भाजीपाला लावायचे ठरवले.

मी शिक्षक. त्यामुळे कुदळीच्या आधी हातात पेन्सिल घेतली. चौकटींच्या वहीत परसाचा नकाशा काढला. इथे टोमॅटो, इथे वांगी, इथे मिरची, त्या कोपऱ्यात मेथी. नकाशा मोठा सुबक झाला. तो मी दादीला दाखवला. तिने चष्मा लावून तो नीट पाहिला आणि विचारले, “बेटा, यात ऊन कुठे आहे?”

मी हसलो. मे महिन्यात पनवेलला उन्हाची काय कमतरता! सारे परस भर उन्हात तळपत होते. मी म्हणालो, “दादी, ऊन तर सगळीकडेच आहे.” ती काही बोलली नाही.

पावसाळा चांगला गेला. भेंडी लावली होती, ती भरभरून आली. मग ऑक्टोबरमध्ये मी टोमॅटोची रोपे घराच्या भिंतीजवळच्या वाफ्यात लावली. रोपे उंच वाढली, बारीक झाली आणि माना टाकू लागली. फुले फारशी आलीच नाहीत. मी खत घातले, पाणी वाढवले. डिसेंबर संपता संपता रोपे उपटून टाकावी लागली. रोपांना रोग झाला नव्हता. त्यांना ऊन मिळत नव्हते.

मुलांनो, नमाजाच्या वेळा पूर्वी सावलीवरून ओळखत, हे तुम्हांला माहीत आहे. आमच्या दादीला ती सवय होती. तिने मला परसाच्या मोकळ्या भागात एक मीटर लांबीची काठी उभी रोवायला सांगितली. दुपारी जवालच्या वेळी, म्हणजे आपल्याकडे साडेबारानंतर थोड्याच वेळाने, सावली सर्वांत आखूड असते. ती सावली मी मोजली. डिसेंबरच्या अखेरीस ती सुमारे ९२ सेंटिमीटर भरली! दिवसातली सर्वांत आखूड सावलीसुद्धा जवळजवळ काठीएवढी लांब.

याचे कारण भूगोलात आहे. पनवेल सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यास सूर्य दुपारी बरोबर आपल्या डोक्यावर येतो. त्या दिवशी काठीची सावली पायथ्यातच नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा तसेच घडते. पुढे सूर्य दक्षिणेकडे सरकू लागतो आणि सावली उत्तरेकडे लांबत जाते. आमचे परस घराच्या उत्तरेला आहे आणि घराची मागची भिंत १० फूट उंच आहे. काठीच्या प्रमाणाने हिशेब केला, तेव्हा भिंतीची दुपारची सावली २३ सप्टेंबरला साडेतीन फूट, २२ ऑक्टोबरला सुमारे ६ फूट, २० नोव्हेंबरला ८ फूट आणि २२ डिसेंबरला सव्वानऊ फूट निघाली. १५ फुटांच्या परसापैकी सव्वानऊ फूट सावलीत! मी नकाशा मे महिन्यात काढला होता, म्हणजे वर्षातल्या नेमक्या त्या दिवसांत, जेव्हा भिंत काहीच बोलत नाही.

दुसऱ्या वर्षी नकाशा पुन्हा काढला. या वेळी परसाचे तीन पट्टे केले.

भिंतीपासून ४ फुटांचा पहिला पट्टा. इथे हिवाळाभर ऊन येत नाही. म्हणून तिथे अळू आणि पुदिना लावला व एका कोपऱ्यात कचऱ्याच्या खताचा खड्डा केला. मोरीचे पाणी अळूकडे वळवले. अळूला ओल फार आवडते. भांडी घासलेले साबणाचे पाणी मात्र पालेभाजीला कधीच घालू नये. तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी खुशाल घालावे.

चार ते नऊ फुटांचा मधला पट्टा. हा पट्टा वर्षभर सारखा नसतो. पावसाळ्यात तिथे भरपूर उजेड असतो, म्हणून तिथे भेंडी. सप्टेंबरच्या अखेरीस भेंडी संपली की मेथी, लाल माठ, मुळा. या भाज्या महिना-दीड महिन्यात निघतात, त्यामुळे सावली वाढण्याआधीच बऱ्याचशा हाती लागतात. डिसेंबर-जानेवारीत ही जागा शेणखत घालून पडू द्यावी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात ऊन परत येते.

शेवटचे ६ फूट हे आमच्या बागेचे खरे सोने. हिवाळ्यात टोमॅटो, वांगी, मिरची यांना तीच जागा. अगदी टोकाला, उत्तरेच्या कुंपणाला लागून, वेलांचा मांडव घातला. वेल उत्तरेला चढवले की त्यांची सावली बागेवर न पडता बाहेर पडते. पावसाळ्यात त्या मांडवावर कारले आणि पडवळ असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तारा’ हे कारले आणि ‘कोकण श्वेता’ हे पडवळ आपल्या हवामानासाठी दिले आहे. पाऊस गेला की त्याच मांडवावर वाल चढतात. आपल्या रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावतात, ती तुम्ही खाल्ली असेलच. घरच्या शेंगा मडक्यात घालताना वेगळीच मजा येते.

आता दुसरी चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी मेथीचे सगळे बी एकाच दिवशी पेरले होते. महिनाभराने सगळी मेथी एकदम तयार झाली. चार दिवस घरात मेथीची भाजी, मेथीचे पराठे, पुन्हा मेथीची भाजी. उरलेल्या जुड्या शेजारीपाजारी वाटल्या. शेजारी खूश झाले. त्यानंतर अनेक आठवडे आमच्या घरी बाजारातूनच मेथी येत होती!

तेव्हापासून वाफ्याचे चार भाग करतो. आज एका भागात मूठभर बी, दहा दिवसांनी दुसऱ्या भागात, आणखी दहा दिवसांनी तिसऱ्या भागात. चौथा भाग पेरायच्या वेळी पहिला काढायला येतो. बी तेवढेच लागते, कष्टही तेवढेच, पण भाजी दर दहा दिवसांनी मिळते. भेंडीचा हिशेब वेगळा. आम्ही घरात सहा माणसे. एका वेळेला अर्धा किलो भेंडी लागते. पाच-सहा झाडे लावून कधी तीन, कधी चार भेंड्या हाती येतात, त्यांचे करायचे काय? दीड दीड फुटांवर तीन ओळी, प्रत्येक ओळीत फुटाफुटावर दहा झाडे, अशी तीस झाडे लावली, तेव्हा कुठे एका तोड्यात एका वेळची भाजी निघू लागली. दुधीचा मात्र एक वेल पुरे. जागा असेल तर कुंपणाबाहेर सोडावा.

असा हिशेब महाराष्ट्रात कोणी फार मोठ्या प्रमाणावर मांडला असेल तर तो श्री. अ. दाभोळकर (१९२४–२००१) यांनी. ते गणिताचे शिक्षक. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांबरोबर त्यांनी ‘प्रयोग परिवार’ ही चळवळ उभी केली. झाडाच्या पानावर किती ऊन पडते, याचा हिशेब करायला त्यांनी साध्या शेतकऱ्यांना शिकवले. पाच माणसांचे कुटुंब दहा गुंठ्यांत आपल्या गरजा भागवू शकते, असे ते मांडत. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. आमचे परस १८० चौरस फूट, म्हणजे त्याचा सुमारे साठावा हिस्सा. म्हणून परसबागेतून सगळा बाजार बंद होईल, या भ्रमात मी राहत नाही. कांदे-बटाटे विकतच आणावेत. ते जागा फार अडवतात. पालेभाजी, मिरची, कोथिंबीर, पुदिना आणि एखादी शेंगभाजी एवढे घरचे असले, तरी पावसाळ्यात पालेभाजी महागते तेव्हा घरातल्या बायका हायसे वाटून घेतात.

आपल्या पनवेलच्या पावसाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. जून ते सप्टेंबर इथे पाणी कोसळते. सपाट वाफ्यात बी कुजते किंवा वाहून जाते. म्हणून माती वीतभर वर उचलून गादीवाफे करावेत. वाफा तीन फुटांहून रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि माती तुडवली जात नाही. खाडीजवळ राहणाऱ्या मुलांनी आणखी एक गोष्ट पाहावी. उन्हाळ्यात मातीवर पांढरी खपली दिसली तर ते मीठ होय. पनवेललाच खारभूमी संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ अशा भाताच्या जाती तिथे निघाल्या. भाजीला मात्र तेवढे खारे सोसत नाही. अशा ठिकाणी वाफे उंच करावेत, खत भरपूर घालावे आणि पहिल्या पावसांनी मीठ धुऊन जाऊ द्यावे. पेरणी त्यानंतर करावी.

दादीची काठी अजून परसात उभी आहे. यंदा तिच्यावर घेवड्याचा एक वेल चढला आहे, त्यामुळे सावली मोजायला दुसरी काठी आणावी लागली.

शब्दार्थ
परस – घराच्या मागची मोकळी जागा
अडगळ – निरुपयोगी सामान
वाफा – भाजी लावण्यासाठी केलेला मातीचा चौकोन
मांडव – वेल चढवण्यासाठी केलेला आधार
तोडा – एका वेळी तोडलेली भाजी
तग धरणे – टिकून राहणे

स्वाध्याय
१. लेखकाची टोमॅटोची रोपे का वाढली नाहीत?
२. वेलांचा मांडव उत्तरेच्या कुंपणाला का घातला?
३. मेथीचे बी एकाच दिवशी का पेरू नये?
४. ‘माना टाकणे’, ‘हायसे वाटणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. उपक्रम : शाळेच्या अंगणात एक मीटरची काठी रोवा. दर महिन्याच्या २२ तारखेला दुपारची सर्वांत आखूड सावली मोजून वहीत लिहा. तुमच्या घराजवळ भाजी लावायची झाल्यास डिसेंबरमध्ये ऊन कुठे पडेल, ते नकाशात दाखवा.