जुना उंची फोन कीं नवा मध्यम फोन?



दहावीचा निकाल लागला कीं अनेक घरांत एक प्रश्न उभा राहतो. मुलगा किंवा मुलगी कॉलेजांत जाणार, कदाचित् परगांवीं राहणार. तेव्हां हातांत एक स्मार्टफोन असावा, हें सर्वांस मान्य असतें. खर्चावयाची रक्कमही ठरलेली असते. परंतु तेवढ्याच पैशांत दोन वस्तु समोर येतात. एक, कांहीं वर्षांपूर्वीं कंपनीचा सर्वांत उंची म्हणून गाजलेला आणि आतां दुसऱ्याच्या हातून सुटून कमी किंमतीस मिळणारा फोन. दुसरा, नुकताच निघालेला, डबाबंद, परंतु मध्यम प्रतीचा फोन. मुलांचा ओढा बहुधा पहिल्याकडे असतो, कारण त्याचें नांव मोठें. वडील माणसांचा ओढा दुसऱ्याकडे, कारण तो कोरा. माझ्या मतें नांव आणि कोरेपणा हीं दोन्ही कारणें अपुरीं आहेत. विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे, आणि तो कोणता हें मी पैसे घालवून शिकलों.

माझी मुलगी परिचारिकेच्या शिक्षणासाठीं परगांवच्या वसतिगृहांत राहावयास गेली, तेव्हां तिच्यासाठीं मीं एका दुकानांतून एक जुना उंची फोन घेतला. काचेची पाठ, लखलखीत पडदा, सुंदर छायाचित्रें. मला स्वतःलाच त्याचा अभिमान वाटला. त्याच्या बॅटरीविषयीं मात्र मीं एक शब्दही विचारला नाहीं. पुढें पावसाळ्यांत एके रात्रीं ती गाडीनें घरीं यावयास निघाली. साडेनऊच्या सुमारास तिचा फोन आला. “बाबा, गाडी घाटांत बंद–” एवढेंच ऐकूं आलें आणि आवाज तुटला. त्यानंतर फोन लागेना. ती पहाटे सुखरूप घरीं आली; परंतु ती सारी रात्र तिच्या आईनें व मीं दारांत बसून काढली. मुलीनें सांगितलें कीं, फोन बंद पडला तेव्हां पडद्यावर एकतीस टक्के बॅटरी शिल्लक दिसत होती. तो फोन बिघडलेला नव्हता. तो म्हातारा झालेला होता, आणि घेतांना मीं त्याचें वय पाहिलें नव्हतें.

बाजारांत बैल घेणारा शेतकरी झूल आणि शिंगांचा रंग पाहून पैसे मोजीत नाहीं. तो आधीं बैलाचा जबडा उघडून दांत पाहतो. कारण हा बैल मागें कोणत्या शर्यतींत पहिला आला होता यापेक्षां तो पुढें किती हंगाम औत ओढील, हें त्याला जाणून घ्यावयाचें असतें. फोनचेही दांत पाहतां येतात. ते दोन ठिकाणीं आहेत: एक बॅटरींत, व दुसरे त्याच्या अपडेटांच्या मुदतींत.

पहिल्यानें बॅटरी घेऊं. आजच्या फोनांत लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ती भरतांना व वापरतांना लिथियमचे कण एका अग्रापासून दुसऱ्या अग्राकडे जा-ये करितात. प्रत्येक खेपेस त्यांतील थोडे कण अग्रावर सांचणाऱ्या एका पातळ थरांत कायमचे अडकून पडतात. ह्याचे परिणाम दोन. एक, बॅटरींत मावणारी वीज कमी होत जाते. दुसरा, तिचा अंतर्गत विरोध वाढतो. म्हणजे एकाएकीं जास्त वीज मागितली असतां तिचा दाब खालीं घसरतो, आणि यंत्र स्वसंरक्षणार्थ बंद पडतें. घाटांत सिग्नल क्षीण असतो. मनोऱ्यापर्यंत पोंचण्यासाठीं फोनला अधिक जोर लावावा लागतो. माझ्या मुलीच्या फोनची बॅटरी त्या जोरालाच पुरी पडली नाहीं. एकतीस टक्के हा आंकडा होता, ताकद नव्हती.

ह्या झिजेचें माप भरणीच्या फेऱ्यांनीं करितात. शून्यापासून शंभर टक्क्यांइतकी वीज, मग ती एका दमांत असो वा थोडीथोडी, वापरली गेली म्हणजे एक फेरी पुरी झाली. अ‍ॅपल कंपनी सांगते कीं, आयफोन १४ व त्यापूर्वींचे फोन योग्य परिस्थितींत ५०० फेऱ्यांनंतर मूळ शक्तीच्या ८० टक्के, आणि आयफोन १५ मालिकेंतील फोन १००० फेऱ्यांनंतर ८० टक्के राखावेत अशी त्यांची रचना आहे. युरोपीय संघानें २० जून २०२५ पासून तेथें बाजारांत येणाऱ्या फोनांस निदान ८०० फेऱ्यांचें बंधन घातलें आहे. रोज एक फेरी धरिली, तर ५०० फेऱ्या दीड वर्षाच्या आंतच संपतात. शिवाय बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू झिजते, आणि उन्हाळ्याच्या उष्णतेनें अधिक झिजते. म्हणून ‘फार वापरलेला नाहीं’ ह्या विक्रेत्याच्या शब्दावर सर्व भिस्त ठेवूं नये. समाधान एवढेंच कीं, बॅटरी बदलतां येते. तिचा खर्च मात्र आरंभींच किंमतींत मिळवावा.

दुसरे दांत अपडेटांचे. फोनच्या कार्यप्रणालींत चोरट्यांना शिरतां येईल अशा फटी वरचेवर सांपडत असतात. कंपनी त्या बुजविणारे दुरुस्तीचे भाग पाठविते. त्यांस सुरक्षा-अपडेट म्हणतात. हे येणें थांबलें म्हणजे फोन त्याच दिवशीं बंद पडतो असें नाहीं. परंतु पुढें सांपडणाऱ्या फटी उघड्याच राहतात, आणि कांहीं काळानें बँकांचीं व इतर ॲपें त्या जुन्या प्रणालीवर चालेनाशीं होतात. ज्या यंत्रांत घरचा पैसा राहतो, त्याच्या दाराला कुलूप आहे किंवा नाहीं, हें पाहणें हा चोखंदळपणा नव्हे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अपडेटांची मुदत तुम्ही फोन घेतला त्या दिवसापासून मोजली जात नाहीं. तो फोन बाजारांत प्रथम आला तेव्हांपासून ती चालूं झालेली असते. एकाच कंपनीचीं उदाहरणें घेऊं, म्हणजे तुलना सोपी जाईल. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२२ हा उंची फोन फेब्रुवारी २०२२ मध्यें निघाला. त्यास पांच वर्षांच्या सुरक्षा-अपडेटांचें वचन आहे. म्हणजे ती मुदत फेब्रुवारी २०२७ च्या सुमारास पुरी होते. त्याच कंपनीचा मध्यम प्रतीचा गॅलेक्सी ए५६ मार्च २०२५ मध्यें निघाला. त्यास सहा वर्षांचें वचन आहे, म्हणजे मार्च २०३१ पर्यंत. ह्या दोहोंत चार वर्षांचें अंतर पडतें.

ह्यावरून ‘नवा तोच घ्यावा’ असा सरसकट नियम मात्र काढूं नका. गॅलेक्सी एस२४ हा उंची फोन जानेवारी २०२४ मध्यें निघाला व त्यास सात वर्षांचें वचन मिळालें. त्याची मुदत जानेवारी २०३१ पर्यंत जाते. म्हणजे ए५६ पेक्षां वयानें वर्षभर मोठा असूनही आयुष्यानें तो जवळजवळ त्याच्या बरोबरीचा आहे. असा फोन चांगल्या स्थितींत त्याच किंमतीस मिळाला, तर जुना म्हणून त्याला नाकारणें शहाणपणाचें होणार नाहीं. जन्मसाल पाहूं नये. शेवटचें साल पाहावें.

आतां उंची फोनच्या बाजूनेंही न्यायानें बोललें पाहिजे. त्याचें मोठेपण सर्वस्वीं पोकळ नसतें. एस२२ मध्यें दूरचें दृश्य तिप्पट जवळ आणणारें स्वतंत्र भिंग आहे. ए५६ मध्यें तसें भिंग नाहीं. एस२२ तारेवांचून भरतां येतो. ए५६ येत नाहीं. पहिल्याचें वजन १६७ ग्रॅम, दुसऱ्याचें १९८. उलट ए५६ ची बॅटरी ५००० एमएएच, तर एस२२ ची ३७०० आहे. आणि ए५६ चा पडदाही मोठा असल्यामुळें त्यावर धडा वाचणें सोयीचें. दोन्ही फोन धूळ व पाणी यांपासून संरक्षित आहेत. परंतु जुन्या फोनचीं झांकणबंदें काळानें सैल होतात, व तो एकदां उघडला गेला असेल तर मूळच्या संरक्षणाचा भरंवसा धरूं नये. तेव्हां ज्याला छायाचित्रणाचा खरा अभ्यास करावयाचा आहे, त्याला उंची फोन दोन वर्षें वापरूनही लाभदायक होईल. ज्याला पाठ वाचावयाचे, वर्ग ऐकावयाचे, फी भरावयाची आणि रोज रात्रीं घरीं बोलावयाचें आहे, त्याला त्या भिंगाचें मोल देण्याचें प्रयोजन नाहीं.

पण मोल ठरवावें कसें? येथें तुमचें गणित उपयोगी पडतें. आंकडे केवळ उदाहरणासाठीं धरूं. समजा, नवा मध्यम फोन ३०,००० रुपयांस मिळतो व त्याचीं पांच वर्षें शिल्लक आहेत. म्हणजे एका वर्षास ६,००० रुपये पडले. जुना उंची फोनही ३०,००० रुपयांसच मिळतो, त्याचीं दोन वर्षें शिल्लक आहेत आणि नव्या बॅटरीस ४,००० रुपये लागतात. एकूण ३४,०००, वर्षास १७,००० रुपये. दुकानांत दोघांची किंमत एकच दिसली, परंतु घरांत एक दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट महाग पडला.

हेंच गणित उलट करून पाहा. वर्षास ६,००० ह्याच भावानें दोन वर्षांचे १२,००० होतात. त्यांतून बॅटरीचे ४,००० वजा केले असतां ८,००० उरतात. म्हणजे साध्या कामासाठीं त्या जुन्या फोनला ८,००० रुपये देणें रास्त. ह्याहून अधिक जें द्याल, तें त्या भिंगासाठीं, त्या काचेच्या पाठीसाठीं, किंवा नांवासाठीं दिलें असें समजावें. ज्याला त्या गोष्टी हव्या आहेत त्यानें तें खुशाल द्यावें. परंतु कशासाठीं देत आहों, हें त्याला ठाऊक असावें.

इतका विचार करूनही जुनाच फोन घ्यावयाचें ठरलें, तर पैसे देण्यापूर्वीं पुढील गोष्टी स्वतः पाहाव्या.

१. फोनवर *#०६# हे आंकडे दाबावे. पडद्यावर त्याचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक येईल. तो पावतीवरील व डब्यावरील क्रमांकाशीं जुळला पाहिजे. मग आपल्या फोनवरून केवायएम हीं तीन इंग्रजी अक्षरें लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर संदेशानें पाठवावा. अथवा सरकारच्या संचार साथी सेवेंत तपासावा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असल्यास तेथें कळतें.

२. सेटिंगमध्यें शेवटच्या सुरक्षा-अपडेटची तारीख पाहावी. ती फार जुनी असेल तर कारण विचारावें.

३. बॅटरीची स्थिति दाखविण्याची सोय असेल तर ती पाहावी. नसेल तर फोनवर दहा-पंधरा मिनिटें चित्रपट चालवून, तो किती टक्के खालीं येतो व किती तापतो हें पाहावें.

४. पूर्वींच्या मालकाचें खातें फोनमधून निघालें आहे, याची त्याच्या समक्ष खात्री करावी; नाहीं तर पुढें फोन कुलुपबंद होऊन बसण्याचा संभव असतो.

५. भारतांत ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. त्यापूर्वींचे सर्वच उंची फोन तिला योग्य नाहींत. २०२० सालीं आपल्याकडे विकला गेलेला गॅलेक्सी एस२० केवळ ४जीचा होता. म्हणून हेंही विचारून घ्यावें.

६. पावतीवांचून व्यवहार करूं नये.

हें सर्व करण्यास अर्धा तास पुरतो. वडिलांनीं महिनोन्‌महिने बाजूला ठेविलेल्या रकमेसाठीं अर्धा तास ही कांहीं मोठी किंमत नव्हे.

मुलांनो, एक शब्द तुमच्यासाठीं. वर्गांतल्या सोबत्यानें फोनची पाठ पाहून वाहवा करावी, असें ह्या वयांत वाटतें. मलाही त्या दुकानांत तसेंच वाटलें होतें. परंतु ती वाहवा आठवड्याभरांत विरून जाते, आणि फोन पुढें कित्येक वर्षें तुमच्याजवळ राहावयाचा असतो. आईवडिलांनो, एक शब्द तुमच्यासाठींही. मुलानें जुन्या फोनचा हट्ट धरिला तर रागावूं नका. त्याच्या हातीं कागद-पेन्सिल देऊन वरचें गणित त्यालाच मांडावयास सांगा. उत्तर त्याच्या हातून निघालें, तर तें त्याला पटेल.

माझ्या मुलीच्या फोनची बॅटरी त्याच आठवड्यांत बदलून घेतली. तो अजून चालतो. मात्र आतां तो घरींच असतो व घड्याळाचें आणि बातम्यांचें काम करितो. तिच्यासाठीं एक साधा, मध्यम फोन घेतला आहे. त्याचें नांव कोणी विचारीत नाहीं. रात्रीं नऊ वाजतां तो वाजतो, आणि तिचें बोलणें पुरें होईपर्यंत चालतो.

अभ्यास

१. ‘जन्मसाल पाहूं नये, शेवटचें साल पाहावें’ हें वाक्य एस२२, ए५६ व एस२४ ह्या तीन उदाहरणांवरून समजावून सांगा.

२. एक जुना फोन १८,००० रुपयांस मिळतो. त्याचीं तीन वर्षें शिल्लक असून बॅटरीस ३,००० रुपये लागतात. एक नवा फोन २४,००० रुपयांस मिळतो; त्याचीं सहा वर्षें शिल्लक आहेत. प्रत्येकाचा वार्षिक खर्च काढा, व जुन्याची रास्त किंमत ठरवा.

३. घरांतील प्रत्येक फोनच्या शेवटच्या सुरक्षा-अपडेटची तारीख पाहून त्यांचा तक्ता करा, आणि तो आईवडिलांस दाखवा.