आरंभरेषेपर्यंत

धावण्याच्या शर्यतीत पहिला कोण आला, हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते. पण शर्यत सुरू होते त्या रेषेवर कोण कोण आणि कसकसे पोहोचले, हे कोणी छापत नाही. या पाठात आपण शर्यतीची नव्हे, तर त्या रेषेपर्यंतच्या वाटेची माहिती घेणार आहोत.

मुंबईची मोठी मॅरेथॉन प्रथम १५ फेब्रुवारी २००४ रोजी झाली. आता ती जानेवारीत, बहुधा तिसऱ्या रविवारी होते. करोनाच्या साथीमुळे २०२१ आणि २०२२ साली तिच्यात खंड पडला होता. पूर्ण मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असते. हे अंतर मनात बसत नसेल, तर असा हिशोब करा : चारशे मीटरच्या मैदानाला १०५ फेऱ्या मारायच्या आणि वर अर्धी फेरी. याच्या निम्म्या अंतराची अर्धी मॅरेथॉनही त्याच दिवशी असते.

समजा, तुम्ही अंजनगाव सुर्जीला राहता. (हे माझ्या ओळखीचे गाव, म्हणून घेतले. तुम्ही आपले गाव घ्या.) शहानूर नदी, पानमळे, पानपिंपळीची आणि केळीची शेते, आणि सकाळी धावायला अकोटच्या किंवा दर्यापूरच्या रस्त्याची कड. येथून मुंबईच्या त्या रेषेवर जायचे आहे. कसे जाल?

बहुतेकांना वाटते, शनिवारी रात्री गाडीत बसावे आणि रविवारी सकाळी धावावे. येथेच घोटाळा होतो. अमरावतीहून मुंबईला जाणारी एक्सप्रेस संध्याकाळी निघते. अंजनगावचा प्रवासी एस.टी.ने अकोटमार्गे अकोल्याला जाऊन ती पकडू शकतो. ती दुसऱ्या दिवशी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. गंमत अशी, की पूर्ण मॅरेथॉनची आरंभरेषा याच स्थानकाच्या समोर असते! पण शर्यत पहाटे पाचच्या सुमारास सुटते. म्हणजे शनिवारच्या गाडीने गेलेला माणूस अगदी योग्य जागी उतरतो. मात्र तोपर्यंत धावणारे कितीतरी पुढे निघून गेलेले असतात.

पूर्वी आपल्या गावाला स्वतःची गाडी होती. मूर्तिजापूर ते अचलपूर ही ‘शकुंतला’ अंजनगाववरून जात असे. ती आता बंद आहे, आणि चालू असती तरी तिच्या चालीने पाचची वेळ गाठणे कठीणच गेले असते! असो.

म्हणून निघायचे ते शुक्रवारी संध्याकाळी. शनिवारचा पूर्ण दिवस हाताशी हवा, कारण त्या दिवशी एक फार महत्त्वाचे काम असते. धावणाऱ्याला छातीवर लावण्यासाठी एक क्रमांक मिळतो. तो शर्यतीच्या दिवशी देत नाहीत. त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत, ठरलेल्या ठिकाणी, स्वतःचे ओळखपत्र दाखवून तो घ्यावा लागतो. अलीकडच्या वर्षांत हे ठिकाण वांद्रे-कुर्ला संकुलात असते. त्या क्रमांकाच्या मागे एक छोटी चिप असते. आरंभरेषेवर रबराची चटई अंथरलेली असते. तुमचा पाय तिच्यावरून गेला, की चिपमुळे तुमची वेळ यंत्रात आपोआप नोंदली जाते. त्यामुळे हजारोंच्या गर्दीत तुम्ही रेषेपाशी दहा मिनिटे उशिरा पोहोचलात, तरी ती दहा मिनिटे तुमच्या धावण्याच्या वेळेत धरली जात नाहीत. गर्दीत पुढे घुसण्याचे काही कारण नाही, ते यामुळे.

पण हा क्रमांक मिळणार कोणाला? ज्याने वेळेवर अर्ज केला त्याला. शर्यत जानेवारीत असली, तरी अर्ज पावसाळ्यातच सुरू होतात. आपल्याकडे कपाशीला फुले येतात त्या दिवसांत मुंबईच्या थंडीतल्या शर्यतीचा विचार करावा लागतो. पूर्ण मॅरेथॉनसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. शिवाय आधी एखादी लांब पल्ल्याची, वेळ नोंदवलेली शर्यत पुरी केल्याचा पुरावा मागतात. ही अट मला योग्य वाटते. ज्याने कधी एकवीस किलोमीटर धावून पाहिले नाही, त्याने एकदम बेचाळीस किलोमीटरला उभे राहणे हे धाडस नव्हे. मात्र त्यामुळे लहान गावातल्या मुलाची वाट एका वर्षाने लांबते, हेही खरे. आधी अमरावती, अकोला किंवा नागपूरची एखादी शर्यत धावायची, तिचे प्रमाणपत्र जपून ठेवायचे, आणि मग मुंबईचा अर्ज भरायचा. अर्ज भरताना जन्मतारीख आणि नावाचे स्पेलिंग ओळखपत्राप्रमाणेच लिहावे. एका कागदावर ‘शेख’ आणि दुसऱ्यावर नुसतेच पाळण्यातले नाव, असे आपल्याकडे पुष्कळदा असते. ते आधीच दुरुस्त करून घेतलेले बरे.

(अर्ज, तारीख, मुक्काम, हजर, रवाना हे शब्द मराठीत नेहमी येतात. तुम्हांला ते घरचेच वाटतील. उर्दूतही ते आहेतच.)

तुम्ही म्हणाल, एका शर्यतीसाठी एवढी यातायात? मुलांनो, शंभर वर्षांपूर्वी आपल्या भागातील दोन तरुणांना आरंभरेषेवर जाण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला होता. त्यांची हकीकत ऐका.

पुण्याच्या डेक्कन जिमखाना या संस्थेत १९१९ च्या सुमारास क्रीडास्पर्धा झाल्या. संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा तेथे उपस्थित होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत खेड्यांतील शेतकरी अनवाणी धावत होते. त्यांना शास्त्रशुद्ध शिक्षण कोणी दिले नव्हते. तरीही त्यांचा वेग पाहून टाटा चकित झाले. हे धावपटू ऑलिम्पिकला का जाऊ नयेत, असे त्यांच्या मनात आले. पण हिंदुस्थानातून संघ पाठवण्याची तेव्हा कसलीच व्यवस्था नव्हती. निवड कोणी करायची, पैसा कोणी द्यायचा, सगळेच नवे होते. टाटांनी पुढाकार घेतला, स्वतः पैसे दिले, आणि १९२० साली चार धावपटू व दोन कुस्तीगीर बेल्जियम देशातील अँटवर्प शहराच्या ऑलिम्पिकसाठी रवाना झाले.

त्या चौघांत बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे मॅरेथॉन धावणारे होते. मुंबईहून बोटीचा प्रवास, परका देश, परके अन्न आणि वेगळी हवा. बोटीवर धावणार तरी कोठे? जन्मभर मातीत अनवाणी धावलेल्या पायांना परदेशातील कठीण रस्ते आणि बूट यांची सवय करावी लागली. २२ ऑगस्ट १९२० रोजी ते दोघे आरंभरेषेवर उभे राहिले. त्या वेळी मॅरेथॉनचे अंतर आजच्यासारखे पक्के नव्हते. अँटवर्पची शर्यत ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब होती. दातारांना ती पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटांत पोहोचले आणि त्यांचा १९ वा क्रमांक आला.

काही लोक म्हणतात, ‘एकोणिसावा? पदक तर नाही.’ मला हे म्हणणे पटत नाही. बेळगावहून अँटवर्पच्या रेषेपर्यंत जो पोहोचला, त्याच्या पुढे जगातले अठराच माणसे होती, असे म्हणून पाहा.

आजही लहान गावांतून ही वाट चालणारे आहेत. सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१५ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या. २०१७ साली मुंबईत भारतीय महिलांत पहिला क्रमांक परभणीच्या ज्योती गवते यांचा होता. आमच्या शाळांतील मुली कधी कधी विचारतात, ‘सर, आम्ही कोणत्या कपड्यांत धावायचे?’ क्रमांक समोरून स्पष्ट दिसला पाहिजे आणि कपडा पायांत येता कामा नये, एवढे पाहा. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला घट्ट बसणारा रुमाल घालूनही धावता येते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महिलांची मॅरेथॉन जिंकणाऱ्या सिफान हसन यांनी हिजाब घालूनच सुवर्णपदक स्वीकारले होते.

आता पुन्हा मुंबईत येऊ. शनिवार आहे. क्रमांक हाती आला आहे. अशा वेळी मुंबई पाहण्याचा मोह होतो. गेटवे ऑफ इंडिया, राणीची बाग, हाजी अली! हे सगळे सोमवारी पाहा. आदल्या दिवशी पाय जितके कमी चालतील तितके चांगले. जेवणातही नवे काही करून पाहू नये. मुंबईचा वडापाव चविष्ट असतो, पण लांब धावण्याच्या आदल्या रात्री पोटाला ओळखीचे अन्न द्यावे : पोळी, भात, वरण. सोबत गावाकडची चार केळी न्यावीत. नवे बूट तर मुळीच घालू नयेत. पाचव्या किलोमीटरला फोड येतो आणि पुढचे सदतीस किलोमीटर तो सोबत असतो. अंगात ताप असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर धावू नये. परत येण्याचे तिकीट तर हातात असतेच, आणि शर्यत पुढच्या वर्षीही होते.

मुक्काम कोठे करावा, हाही प्रश्न असतो. महंमद अली रोड, डोंगरी या भागांत कोणी नातेवाईक असेल, तर आरंभरेषा पायी गाठता येते. कुर्ला, मुंब्रा, मीरा रोड येथे मुक्काम असेल, तर लोकलने यावे लागते. त्या पहाटे मध्य आणि पश्चिम रेल्वे जादा लोकल सोडतात. त्यांच्या वेळा आधी वर्तमानपत्रात पाहून ठेवाव्यात. टॅक्सीच्या भरवशावर राहू नये, कारण शर्यतीच्या मार्गावरचे रस्ते पहाटेपासून बंद असतात. आणि आणखी एक. अर्ध्या मॅरेथॉनची आरंभरेषा वेगळी असते. २०२३ ते २०२५ या वर्षांत ती माहीमच्या रेतीबंदरला होती. ते ठिकाण टर्मिनसपासून दहा किलोमीटरहून दूर आहे. आपल्या क्रमांकासोबत मिळालेला कागद नीट वाचला नाही, तर माणूस भल्या पहाटे, पूर्ण तयारीने, चुकीच्या रेषेवर जाऊन उभा राहील.

रविवारी तीनच्या आधीच उठावे लागते. रमजानमध्ये सहरीसाठी उठण्याची सवय असलेल्या मुलांना याचे काही वाटणार नाही. थोडे खावे, पाणी घोट घोट प्यावे. क्रमांक चार टाचण्यांनी नीट लावावा. स्वच्छतागृहापुढे लांब रांगा असतात, म्हणून तासभर आधी पोहोचलेले बरे. वेगानुसार धावणाऱ्यांचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटासाठी वेगळा कठडा असतो. आपल्या क्रमांकावर जे अक्षर असेल, त्याच कठड्यात उभे राहायचे.

हिजरी वर्ष इसवी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, हे तुम्हांला माहीत आहे. त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो. २०२९ आणि २०३० साली तो जानेवारीच्या मध्यावर असेल. तुमच्यापैकी काही जण तेव्हा अठरा वर्षांचे झालेले असतील. रोजे ठेवून बेचाळीस किलोमीटर धावणे शरीराला झेपणारे नाही. त्या वर्षांत काय करायचे, ते घरच्या वडीलधाऱ्यांशी आणि डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवून ठेवा.

पाच वाजायला दहा मिनिटे कमी आहेत. जानेवारीत मुंबईला या वेळी पूर्ण अंधार असतो. फजरची अजान व्हायलाही अवकाश असतो. टर्मिनसच्या जुन्या दगडी इमारतीवर दिवे लागलेले असतात. कोणी बुटाची नाडी पुन्हा बांधतो, कोणी डोळे मिटून उभा असतो. बोलणे हळूहळू थांबते. मग पुढचे लोक हलतात, त्यांच्या मागचे हलतात, आणि चालता चालता तुमचा पाय त्या रबरी चटईवर पडतो. ‘टीं’ असा बारीक आवाज येतो.

स्वाध्याय

१. शनिवारी संध्याकाळी अमरावतीहून निघालेला धावपटू शर्यतीत भाग का घेऊ शकणार नाही?
२. फडेप्पा चौगुले यांना आरंभरेषेवर पोहोचण्यासाठी कोणत्या अडचणी आल्या असतील? पाच-सहा ओळी लिहा.
३. ‘एकोणिसावा? पदक तर नाही.’ या म्हणण्यावर तुमचे मत सांगा.
४. पाठातील असे पाच शब्द शोधा, जे उर्दूतही वापरतात. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
५. तुमच्या गावाहून मुंबईला शर्यतीसाठी जायचे आहे. शुक्रवार ते रविवारचे वेळापत्रक तयार करा.