फोन उचलल्यानंतर

नोकरी म्हटली की आपल्या घरांतून बँक, रेल्वे, पोस्ट आणि मास्तरकी एवढीच नावे निघतात. आमचा स्वतःचा संसार बँकेच्या पगारावर चालतो, तेव्हा तिला नावे ठेवणार नाही. परंतु समाजशास्त्र वा समाजकार्य शिकलेल्या मुलामुलींना आणखी एक काम खुले आहे. ते म्हणजे कुटुंबातील संकटासाठी असलेल्या हेल्पलाइनवर फोन घेण्याचे.

मुलांसाठीचा 1098 हा क्रमांक 1996 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाला. तेथील जेरू बिलिमोरिया यांनी तो उभा केला. दहा, नऊ, आठ असा उतरता क्रम लहान पोरालाही पाठ होतो. 2023 पासून ही सेवा शासनाच्या नियंत्रण कक्षांकडे गेली व 112 शी जोडली गेली. स्त्रियांसाठी 181 आहे.

काम दिसते सोपे. समजा, शेजारच्या बाईंचा फोन आला : चौदा वर्षांच्या मुलीचे येत्या रविवारी लग्न आहे. येथे संताप उपयोगाचा नाही. गाव, तालुका, लग्नाची जागा आणि मुलगी कोणत्या शाळेत होती, हे विचारावे लागते. कारण वयाचा पुरावा शाळेच्या दाखल्यात सापडतो. मग 2006 च्या कायद्यानुसार नेमलेल्या बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यास कळवायचे. खेड्यात ही जबाबदारी ग्रामसेवकाकडे असते. बाईंना आपले नाव सांगायचे नसेल तर आग्रह धरू नये.

मार खाणाऱ्या स्त्रीचा फोन याहून अवघड. पहिला प्रश्न "काय झाले?" हा नव्हे, तर "आता बोलता येईल का?" हा. नवरा पलीकडच्या खोलीत असेल तर हो-नाहीत उत्तर देता येतील असेच प्रश्न विचारावेत. फोन मध्येच तुटला तर उलट फोन करावा की नाही, हेही आधीच विचारून ठेवावे. आपण सद्‌भावनेने केलेला फोन भलत्याच हाती पडला, तर त्याचा मार तिलाच बसतो. 2005 च्या कायद्याने नेमलेले संरक्षण अधिकारी तिला न्यायालयापर्यंत नेऊ शकतात. पण तक्रार करायची की नाही, हा निर्णय तिचा.

मुलांच्या बाबतीत मात्र तसे नाही. "कोणाला सांगणार नाही ना?" असे एखादी मुलगी विचारते आणि आपल्या तोंडून "नाही" निघू पाहते. ते निघता कामा नये. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून "ज्यांना सांगावेच लागेल त्यांनाच सांगू, आणि ते कोण हे तुला आधी सांगू" एवढेच वचन द्यावे. खोटे वचन दिले तर ती मुलगी दुसऱ्यांदा कोणालाच फोन करणार नाही.

काही फोनवर कोणी बोलतच नाही. ते खोडसाळ समजून लगेच ठेवायचे नसतात. आम्हाला हे उशिरा उमगले. काही वर्षांपूर्वी शाखेत एका बाईंचा फोन आला होता. पतीच्या खात्यासंबंधी विचारता विचारता त्या थांबल्या. काउंटरवर रांग होती. आम्ही दोनदा "हॅलो" म्हटले, "फॉर्म घेऊन या" असे सांगितले व रिसीव्हर ठेवला. मृत्यूचा दाखला घेऊन त्या आठवड्याने आल्या, तेव्हा आवाज ओळखला. त्यांनी फॉर्म अगदी बिनचूक भरून आणला होता.